खडी क्रशरचा हिशेब: आधी ब्रास, टन, तास, लिटर, मग रुपये

क्रशरच्या ऑफिसात हिशेबाला बसलेला नवा माणूस सगळ्यात आधी टॅली उघडतो. खरेदी, विक्री, पगार, डिझेल, बँक अशी खाती तयार होतात आणि महिन्याअखेर नफातोटा पत्रकही निघतं. पत्रक जुळतं. पण पोकलेन परवडतंय का, खाणीतून निघालेला दगड आणि काट्यावरून गेलेली खडी यांचा मेळ बसतो का, डस्टचा (खडी फोडताना पडणाऱ्या बारीक भुकटीचा) ढीग म्हणजे पैसा आहे की अडगळ, यातलं काहीच त्यातून कळत नाही. या धंद्यातली गळती ब्रासमध्ये, टनात, तासांत आणि लिटरमध्ये होते. रुपयांच्या वहीत येईपर्यंत ती 'डिझेल खर्च' किंवा 'दुरुस्ती' अशा एखाद्या मोठ्या आकड्यात विरून गेलेली असते.

म्हणून मापांच्या वह्या आधी आणि रुपयांची वही नंतर, या क्रमाने पुढची पावलं दिली आहेत. डोळ्यांसमोर एक मधला क्रशर ठेवला आहे: स्वतःची दगडखाण, एक पोकलेन, एक लोडर, तीन-चार टिपर, दगड टप्प्याटप्प्याने फोडणारे जॉ आणि कोन क्रशर, सोबत क्रश सँड म्हणजे कृत्रिम वाळू बनवणारं व्हीएसआय यंत्र. पुण्याजवळच्या वाघोली-लोणीकंद पट्ट्यात असे क्रशर रांगेने दिसतात. आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट, डांबर प्लांट किंवा मुरमाचा ठेका असेल तर तपशील बदलतील, पद्धत तीच.

पहिलं पाऊल: कोणतं माप कुठे, हे लिहून काढा

एकाच दगडाला या धंद्यात तीन मापं लागतात. खाणीत तो घनमीटरमध्ये मोजला जातो, सरकारला द्यायची रॉयल्टी ब्रासवर भरली जाते आणि विक्री ब्रासवर किंवा टनावर होते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. इथवर सोपं आहे.

गोंधळ पुढे आहे. आपल्याकडचा काळा पाषाण खाणीत अखंड असतो तेव्हा एका घनमीटरचं वजन २.७ टनांच्या आसपास भरतं. फोडून खडी केली की मध्ये पोकळी येते आणि तोच घनमीटर दीड टनाच्या आसपास येतो. म्हणजे खाणीतल्या एका अखंड ब्रासमध्ये साधारण ७.६ टन दगड असतो, तर टिपरमधल्या एका सुट्या ब्रासमध्ये साधारण सव्वाचार टन. खाणीतल्या एका ब्रासचे बाहेर पावणेदोनच्या वर ब्रास होतात. नव्या माणसाला विक्रीचे ब्रास उत्पादनापेक्षा जास्त दिसतात आणि तो घाबरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आकडे 'जुळवतो'.

ऑफिसच्या भिंतीवर स्वतःच्या मालाचा तक्ता लावा: २० एमएम, १० एमएम, क्रश सँड, डस्ट, जीएसबी (रस्त्याच्या खालच्या थराचा माल), मुरूम, डबर (न फोडलेला मोठा दगड), प्रत्येकाचं एका ब्रासचं वजन. हे आकडे इंटरनेटवरून घेऊ नका. टिपरचा हौदा आतून टेपने मोजा, माल हौद्याच्या कडेबरोबर सपाट भरा, काट्यावर घ्या, वजनाला ब्रासने भागा. प्रत्येक मालाच्या चार-पाच गाड्या अशा मोजून सरासरी घ्या. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, कारण ओल्या मालाचे आकडे वेगळे येतात.

क्रश सँडच्या बाबतीत हा फरक जास्तच आहे. बारीक माल किंचित ओला असला की कण एकमेकांपासून दूर राहतात आणि ढीग फुगतो. पाच-सहा टक्के ओलीला आकारमान पाव हिश्श्यापर्यंत वाढू शकतं. उलट वजनावर विकलात तर गिऱ्हाईक पाण्याचेही पैसे देतं. ब्रासवर विकताना ओल विकणाऱ्याच्या फायद्याची आणि टनावर विकतानाही त्याच्याच फायद्याची. म्हणून मुरलेले ठेकेदार सँड घेताना मूठ आवळून बघतात. तुम्ही एकच करा: बिलावर माप एकच ठेवा, आणि स्टॉक वहीत सगळं टनात न्या. ओल सोडली तर टन हे एकमेव माप असं आहे की जे खाणीत, पट्ट्यावर, ढिगात आणि गाडीत तेच राहतं.

दुसरं पाऊल: काटा म्हणजे तुमची खरी रोखवही

बँकेच्या धंद्यात कॅश काउंटर असतो, इथे वजनकाटा. गेटमधून काटापावतीशिवाय एकही गाडी बाहेर जाता कामा नये, मालकाच्या मेव्हण्याची सुद्धा. 'घरच्या कामाला एक गाडी' हे प्रकरण जवळजवळ प्रत्येक क्रशरवर असतं. देऊ नका असं नाही. पण पावती फाडा आणि ती मालकाच्या उचल खात्यावर नावे टाका.

पावतीवर नंबर, वेळ, गाडी नंबर, माल, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन आणि वाहतूक पासाचा (खनिज नेण्याच्या सरकारी परवान्याचा) नंबर हवा. नंबर सलग हवेत. रद्द पावती फाडून फेकायची नाही, तिच्या तिन्ही प्रती एकत्र टाचून ठेवायच्या. रोज संध्याकाळी पहिला आणि शेवटचा नंबर लिहा. मधला एखादा गायब असेल तर त्याच दिवशी विचारा, आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही.

रिकामं वजन संगणकात साठवून तेच वर्षभर वापरायची सवय काही काट्यांवर असते. वेळ वाचतो हे खरं, पण ३०० लिटरची डिझेल टाकी भरलेली की रिकामी एवढ्यानेच अडीचशे किलोंचा फरक पडतो. पावसाळ्यात हौद्याला चिकटलेला चिखल वेगळा. रोजच्या गाड्यांचं रिकामं वजन निदान आठवड्यातून एकदा नव्याने घ्या, बाहेरच्या गाडीचं प्रत्येक खेपेला. काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी फेरपडताळणी होते. ते प्रमाणपत्र हिशेबाच्या फायलीतच ठेवा, कारण वजनावरून वाद झाला की पहिल्यांदा तेच मागतात.

तिसरं पाऊल: रॉयल्टी खर्चात टाकण्याआधी थांबा

गौण खनिजाची रॉयल्टी आधी भरायची आणि पास नंतर वापरायचे, अशी रीत आहे. महाराष्ट्रात दगड-मुरमाचा दर २०२१ पासून ब्रासमागे ६०० रुपये आहे. क्रश सँडसाठी २०२५ च्या कृत्रिम वाळू धोरणात पात्र युनिटांना सवलत आहे, ती तुम्हाला लागू आहे का हे खनिकर्म कार्यालयातून लेखी घ्या. रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा १० टक्के भाग वेगळा.

समजा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १,००० ब्रासची रॉयल्टी भरली, ६ लाख रुपये. ३१ मार्चपर्यंत २५० ब्रासचेच पास वापरले. खर्च दीड लाखाचा. उरलेले साडेचार लाख ही आगाऊ दिलेली रक्कम, ताळेबंदाच्या जिंदगी (मालमत्ता) बाजूला. म्हणून भरताना नोंद अशी: आगाऊ रॉयल्टी खातं नावे, बँक जमा. महिन्याच्या शेवटी जितके ब्रास गेले तितकी रक्कम: रॉयल्टी खर्च नावे, आगाऊ रॉयल्टी जमा. पासांची मुदत संपून काही रक्कम बुडाली तर तिला वेगळं खातं द्या. मालकाला तो आकडा स्वतंत्र दिसला पाहिजे.

आता जीएसटी. खडीवर ५ टक्के लागतो, पण रॉयल्टीवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायचा या पद्धतीने, १८ टक्के तुम्हालाच भरावा लागतो. ब्रासमागे ६०० वर १०८ रुपये. तो आधी प्रत्यक्ष पैसे देऊन भरायचा, क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून) नाही. भरल्यावर मात्र क्रेडिट मिळतं. नवे लोक हा भाग विसरतात, कारण सरकार तुम्हाला जीएसटीचं बिल पाठवत नाही. रॉयल्टीचं चलन भरलं की त्याच दिवशी रिव्हर्स चार्जची नोंद करायची, अशी सवय लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने जुलै २०२४ मध्ये रॉयल्टी हा कर नाही असं बहुमताने ठरवलं. तेव्हा 'करावर कर कसा' हा वाद ऑफिसात घालण्यात अर्थ नाही.

सगळ्यात महत्त्वाचा मेळ महिन्यातून एकदा घालायचा: काटापावत्यांचे ब्रास, राज्य सरकारच्या महाखनिज प्रणालीवरून काढलेल्या वाहतूक पासांचे ब्रास आणि विक्री बिलांचे ब्रास. तीन रकाने, शेजारी शेजारी. चौथा रकाना वीज युनिटांचा. क्रशर दर टनामागे किती युनिट खातो हा तुमचा स्वतःचा आकडा सहा महिन्यांत ठरतो; मग वीजबिलावरून किती दगड फुटला असेल हे कोणीही ताडू शकतं. तुम्ही ताडलं नाही तर तपासणीला आलेला माणूस ताडेल.

खाणीची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक मोजणी) यंत्राने मोजणी होते तेव्हा खड्डा अखंड मापात मोजला जातो. अहवाल हातात आला की कोणता आकडा अखंड दगडाचा आणि कोणता सुट्या मालाचा, हे पहिल्यांदा पाहा, मग आपल्या पासांशी लावा. वरची माती आणि न वापरलेला मुरूम काढला असेल तर त्याची नोंद, फोटो आणि तारखा तुमच्याकडे हव्यात, नाहीतर तेही दगडात मोजलं गेलं असं नंतर सांगून उपयोग होत नाही. विनापरवाना उत्खनन ठरलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि असा दंड आयकरात खर्च म्हणून मिळत नाही.

चौथं पाऊल: प्रत्येक मशीनला स्वतःचं खातं

टॅलीत 'मशिनरी' नावाचं एकच खातं आणि 'मशिनरी दुरुस्ती' नावाचं दुसरं, एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी भागवतात. मग तीन टिपरांपैकी कोणता पैसे खातोय हे ड्रायव्हरला माहीत असतं, मालकाला नाही. प्रत्येक मशीनला कॉस्ट सेंटर (खर्चाचं वेगळं उपखातं) द्या: पोकलेन १, लोडर, टिपरच्या नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे. डिझेल, ऑइल, ग्रीस, टायर, बकेटचे दात, ऑपरेटरचा पगार आणि भत्ता, विमा, सगळं त्या त्या मशीनवर.

मग लॉगबुक. रोज सकाळी आणि संध्याकाळी अवरमीटरचा (मशीनचे तास मोजणाऱ्या मीटरचा) आकडा, काय काम केलं, किती गाड्या भरल्या, किती वेळ बंद होतं आणि का. गाड्यांचा आकडा गाळू नका. टिपरची वाट बघत चालू ठेवलेल्या पोकलेनचाही मीटर पळतो. तास दिसतात, काम नाही.

आता एका तासाचा खर्च काढू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. पोकलेन जीएसटी सोडून ६० लाखांना घेतलं. १०,००० तास चालवून १५ लाखांना विकू असं धरलं तर ४५ लाख १०,००० तासांत झिजतात: तासाला ४५० रुपये. वर्षाला २,००० तास चालतं. व्याज वर्षाला ४ लाख, म्हणजे तासाला २००. विमा वगैरे ६० हजार, तासाला ३०. ऑपरेटर आणि हेल्पर मिळून वर्षाला ५ लाख, तासाला २५०. डिझेल तासाला १४ लिटर, ९० रुपयांनी १,२६०. ऑइल, फिल्टर, दात, पुढे कधीतरी बदलायची चेन आणि रोलर यांचे मिळून २५०. बेरीज २,४४० रुपये.

हेच पोकलेन वर्षात १,२०० तासच चाललं तर? झीज, डिझेल आणि देखभाल तासावरच आहेत, ती बदलत नाहीत. पण व्याज, विमा आणि पगार मिळून ९ लाख ६० हजार आहेत. २,००० तासांवर ते तासाला ४८० पडत होते, १,२०० वर ८०० पडतात. तासाचा खर्च २,७६० झाला. मालक भाड्याच्या पोकलेनचा दर ऐकून 'आपलं स्वस्त पडतं' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुधा डिझेल आणि ऑपरेटर एवढेच असतात. हा कागद त्याच्यापुढे ठेवा. पावसाळ्यात खाण बंद असते ते महिने धरून वर्षाचे तास काढा, चांगल्या महिन्याला बाराने गुणू नका.

चेन आणि रोलर, इंजिनचं ओव्हरहॉल हे खर्च एकदम लाखांत येतात. ज्या महिन्यात येतात तो महिना तोट्यात दिसतो आणि आधीचे महिने खोट्या नफ्यात. निदान मालकाला दाखवायच्या हिशेबात दर तासाला थोडी रक्कम बाजूला धरत चला. क्रशरच्या जॉ प्लेट आणि लायनरला तास लावू नका, टन लावा: १ लाख २० हजारांच्या प्लेटांनी ६०,००० टन फोडले तर टनाला २ रुपये. पुढच्या वेळी स्वस्त कंपनीच्या प्लेटा आल्या की तोच भागाकार करा. ८० हजारांच्या प्लेटा ३२,००० टनांत गेल्या तर टनाला अडीच रुपये पडले, शिवाय बदलताना क्रशर दिवसभर बंद.

पाचवं पाऊल: डिझेल

या धंद्यात मजुरीनंतर नव्हे, मजुरीच्या आधी डिझेल येतं. वर पाहिलंत की पोकलेनच्या तासातला निम्म्याहून जास्त खर्च तोच आहे. त्यात डिझेल जीएसटीबाहेर असल्याने त्यावर क्रेडिट मिळत नाही. गेलेला रुपया पूर्ण गेला.

पंपाचं बिल आलं की सरळ खर्चात टाकू नका. आधी डिझेल साठा नावे, मग मशीनला दिलं की त्या मशीनचा खर्च नावे आणि साठा जमा. देताना लिटर आणि मीटरचा आकडा दोन्ही लिहा. आठवड्याने लिटर भागिले तास. १४ चा आकडा अचानक १७ झाला तर कारणं बरीच असतात: कठीण दगड लागला, फिल्टर चोंदला, इंजेक्टर गेला, नवा ऑपरेटर जोरात चालवतो, किंवा डिझेल मशीनमध्ये गेलंच नाही. कोणाचं नाव घेण्याआधी सलग दोन दिवस टाकी पूर्ण भरून मोजा. मोजमाप आधी आणि संशय नंतर, हा क्रम उलटा झाला की चांगला ऑपरेटर सोडून जातो, आणि चांगला ऑपरेटर मिळणं डिझेलपेक्षा महाग आहे.

साइटवरच्या टाकीत रोज पट्टी घालून साठा बघा. वहीतला आणि पट्टीतला फरक त्याच दिवशी लिहा.

सहावं पाऊल: मशीन घेतलं, नोंद कशी

हप्ता हा खर्च नाही. मशीनची किंमत मालमत्तेत, कर्ज देणी बाजूला, आणि दरमहा हप्त्यातलं मुद्दल कर्जातून वजा, फक्त व्याज खर्चात. फायनान्स कंपनीकडून परतफेडीचा तक्ता पहिल्याच दिवशी मागून घ्या. डाउन पेमेंट, प्रोसेसिंग फी आणि विमा यांचा गठ्ठा एकाच आकड्यात आलेला असतो, तो फोडा.

पोकलेन, लोडर, क्रशर यांवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, मालवाहू टिपरवरच्याही. क्रेडिट घेतलंत तर तो कर मशीनच्या किमतीत धरून त्यावर घसारा काढता येत नाही. विक्रीवर ५ टक्के आणि मशीनवर त्याच्या तिप्पट-चौपट, त्यामुळे नव्या क्रशरचं क्रेडिट वर्षानुवर्षं साठून राहतं. विक्रीपेक्षा खरेदीवर कर जास्त असला की मिळणारा 'उलट्या दराचा' परतावा कच्च्या मालावरच्या कराचा मिळतो, मशीन आणि सेवांवरच्या कराचा नाही. म्हणजे लाखो रुपये जीएसटी पोर्टलवर पडून राहतात, हे मशीन घेण्याआधीच मालकाला सांगायला हवं.

घसाऱ्याचे दोन हिशेब असतात. आयकरात यंत्रांना सर्वसाधारणपणे १५ टक्के, घटत्या किमतीवर. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्या निम्मा. ट्रक-टिपर भाड्याने चालवण्याच्या धंद्यात असेल तर ३० टक्के. स्वतःचाच माल वाहणाऱ्या टिपरला तो दर मिळत नाही. कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत माती हलवणाऱ्या यंत्रांचं आयुष्य ९ वर्षं आणि फोडणाऱ्या यंत्रांचं १२ वर्षं धरलं आहे. ६० लाखांचं पोकलेन आयकराच्या वहीत पाच वर्षांनी साडेसव्वीस लाखांच्या आसपास उतरतं. बाजारात त्याला काय मिळेल हे मात्र मीटर, चेन आणि हायड्रॉलिक पंप सांगतात. तिसरा, तासावरचा हिशेब वर केलाच आहे. दर ठरवताना तोच वापरा, कराचा घसारा नको.

सातवं पाऊल: एका दगडातून चार माल, खर्च कसा वाटायचा

नवे लोक इथे अडखळतात आणि जुने लोक इथे गप्प बसतात. १०० टन डबर जॉमध्ये टाकला. समजा त्यातून २० एमएम ४५ टन, १० एमएम २० टन, डस्ट ३३ टन निघाली आणि २ टन उडाली. ब्लास्टिंगपासून स्क्रीनपर्यंतचा (चाळणीपर्यंतचा) खर्च ४०,००० रुपये. सरळ ९८ टनांनी भागलं तर टनाला ४०८ रुपये. डस्ट बाजारात ३०० ला जाते. म्हणजे प्रत्येक टन डस्टवर १०८ चा तोटा? मग डस्ट बनवायची बंद करू? ती बंद होत नाही. २० एमएम काढलं की डस्ट पडतेच.

अशा वेळी खर्च विक्रीमोलाच्या प्रमाणात वाटतात. २० एमएम ६०० दराने २७,०००. १० एमएम ५०० ने १०,०००. डस्ट ३०० ने ९,९००. एकूण ४६,९००. खर्च ४०,००० म्हणजे विक्रीमोलाच्या ८५.३ टक्के. त्या हिशेबाने २० एमएमचा खर्च टनाला ५१२, १० एमएमचा ४२६ आणि डस्टचा २५६. हे आकडे साठ्याच्या किमतीसाठी वापरा. ढिगाची किंमत खर्च किंवा विकून मिळणारी निव्वळ रक्कम, यातली जी कमी ती धरायची, हा नियम लेखामानकातही आहे आणि आयकरातही. उन्हाळ्यात डस्टचे डोंगर साठले आणि गिऱ्हाईक नसलं तर किंमत खाली आणा. ४०८ ने धरलेला ३,००० टनांचा ढीग ताळेबंद सजवतो आणि नसलेल्या नफ्यावर कर भरायला लावतो.

आठवं पाऊल: ३१ मार्चला ढीग मोजा

अंदाजे '२०० ब्रास असेल' असं मुकादमाला विचारून लिहू नका. पट्ट्याखाली पडलेला ढीग शंकूसारखा असतो. पायथ्याभोवती टेप फिरवा: घेर ६२.८ मीटर आला तर ६.२८ ने भागून त्रिज्या १० मीटर. उंची मोजता येत नाही, म्हणून पायथ्यापासून टोकापर्यंत उतारावर टेप टाका, समजा १२.२ मीटर. उताराचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग, त्याचं वर्गमूळ म्हणजे उंची, ७ मीटर. आकारमान: ३.१४ गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३. आले ७३३ घनमीटर, म्हणजे २५९ ब्रास, आणि दीडने गुणून साधारण १,१०० टन. लोडरने खाल्लेला, अर्धवट ढीग असेल तर तो आधी लोडरने नीट करून घ्या किंवा तुकड्यांत मोजा. मोठ्या क्रशरवर आता ड्रोनने मोजतात. मोजल्याचा कागद, दोघांच्या सह्या आणि तारखेसह फोटो ठेवा.

मग वर्षाचा मेळ: सुरुवातीचा साठा अधिक फोडलेला दगड, वजा विक्री, वजा शेवटचा साठा. उरलेला फरक म्हणजे उडालेली धूळ, रस्त्याला टाकलेला माल आणि ज्याचा पत्ता नाही तो माल. दोन-तीन टक्के असेल तर श्वास घ्या. आठ-दहा असेल तर काट्यापासून पुन्हा सुरू करा.

नववं पाऊल: करांच्या चौकटी, थोडक्यात

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून इथे क्रमांक देत नाही. मर्यादा लक्षात ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो. मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे. गिऱ्हाइकाकडून एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही. दहा किंवा कमी मालगाड्या असलेल्या वाहतूकदाराने तसं लिहून पॅन दिला तर टीडीएस कापत नाहीत. तो कागद वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा, मार्चमध्ये कोणी फोन उचलत नाही. उलाढाल १ कोटीच्या वर गेली की टॅक्स ऑडिट. जमा आणि खर्च दोन्हींत रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा १० कोटी.

पोचवून दिलेल्या खडीच्या बिलात वाहतूक धरली असेल तर सगळ्या रकमेवर खडीचाच दर. मात्र पोकलेन कुणाला तासावर दिलंत तर ते वेगळं बिल, १८ टक्क्यांनी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे खडीच्या एका गाडीला सहसा त्याची गरज पडत नाही. वाहतूक पास मात्र प्रत्येक गाडीला लागतो. ही दोन कागदं वेगळी आहेत, हे ड्रायव्हरलाही समजावून सांगा.

दहावं पाऊल: उधारी आणि फाइल

क्रशरचं गिऱ्हाईक म्हणजे रस्त्याचा किंवा इमारतीचा ठेकेदार, आणि त्याचे पैसे त्याच्या बिलावर अवलंबून. सरकारी कामात ठेकेदाराला रॉयल्टी भरल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर त्याच्या बिलातून रॉयल्टी कापतात. म्हणून तो पैसे देताना नाही तरी पासांच्या प्रतींसाठी नक्की येतो. त्या देताना वहीत सही घ्या, आणि त्याच वेळी खातेउतारा पुढे करून शिल्लक मान्य असल्याची सहीही घ्या. याहून चांगली वेळ वर्षात मिळत नाही.

क्रशर सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर केला तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. मार्चमध्ये ठेकेदाराच्या सीएला एवढं कळवलं तरी काही जुनी बिलं सुटतात.

जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या असतात. काटापावत्या आणि पास थर्मल कागदावर असतील तर अक्षरं वर्षभरात उडतात, म्हणून त्या दर आठवड्याला स्कॅन करून महिना आणि गाडी नंबराप्रमाणे लावा. मूळ कागद ऑफिसात ठेवा, पण क्रशरच्या बाजूच्या खिडकीपाशी नको. डस्ट कपाटातही शिरते.